मशरूमच्या इक्रेच्या बरण्या दर हिवाळ्यात का फुगतात?

सप्टेंबरात जंगलातून टोपलीभर ओप्याता (लाकडावर उगवणारी जंगली मशरूम) आणायच्या, त्यांची इक्रा, म्हणजे कांदा-गाजर-तेलात परतलेला दाट लगदा, करून बरण्यांत भरायची, झाकणं घट्ट आवळायची, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत दोन-चार झाकणं टम्म फुगलेली निघायची. रशियात राहणाऱ्या मराठी घरांमधून ही तक्रार दर हिवाळ्यात कानावर येते. सोबत तीन वाक्यं ठरलेली असतात: "बरण्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवल्या होत्या," "वरून बोटभर तेल ओतलं होतं," "व्हिनेगरही घातलं होतं." तिन्ही गोष्टी केल्या, तरी बरणी बिघडली. का, ते समजून घेऊ. पण ज्यांच्या घरी आत्ता फुगलेली बरणी आहे, त्यांनी आधी पुढचा परिच्छेद वाचावा.

ती बरणी उघडू नका. वास घेऊन पाहू नका, बोटाच्या टोकावर घेऊन चाखू तर अजिबात नका. हातमोजे घाला, बरणी एका पिशवीत घालून गाठ मारा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा बेताने कचऱ्यात टाका. झाकणाखालून काही ओघळलं असेल, तर एक भाग ब्लीच आणि आठ भाग पाणी असं मिश्रण त्यावर ओतून पंधरा मिनिटं राहू द्या आणि मग कागदाने पुसून घ्या. त्याच दिवशी, त्याच पातेल्यातून भरलेल्या बाकीच्या बरण्या चांगल्या दिसत असल्या, तरी त्याही टाकाव्या लागतील. जीव तुटतो हे मला माहीत आहे. दिवसभर वाकून वेचलेली आणि रात्री उशिरापर्यंत निवडलेली मशरूम आहेत ती. तरीही टाका.

एवढा धाक कशासाठी? बरणी फुगण्यामागे साधं आंबणं असू शकतं, तसंच क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणूही असू शकतो. नुसत्या डोळ्यांनी यातला फरक कळत नाही. शिवाय या जिवाणूचं विष तयार झालेली बरणी दर वेळी फुगतेच असंही नाही. ती दिसायला, वासाला आणि चवीला अगदी चांगली असू शकते. या विषबाधेची, म्हणजे बोट्युलिझमची, लक्षणं साधारण 12 ते 36 तासांत दिसू लागतात, काही वेळा काही तासांत तर काही वेळा आठवड्याभराने. एकाची दोन दिसतात, पापण्या जड होऊन खाली येतात, तोंड कोरडं पडतं, घास गिळवत नाही, बोलणं जडावतं आणि मग अशक्तपणा मानेकडून खाली हातापायांत उतरतो. ताप बहुधा नसतो, म्हणून लोक थकवा समजून झोपून राहतात. तसं करू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि घरच्या बरणीतली मशरूम खाल्ली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. रशियाची आरोग्य देखरेख यंत्रणा, रोसपोत्रेबनादझोर, घरी हवाबंद केलेल्या मशरूमबद्दल पुन्हा पुन्हा इशारे देते, ते याचसाठी.

आता मूळ कारण. आपण इक्रेला लोणच्याचे नियम लावतो आणि तिथेच गाडं अडतं.

कैरीचं लोणचं वर्षभर टिकतं ते तेलामुळे, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. खरं काम करतात ते कैरीचा आंबटपणा आणि मीठ. कच्ची कैरी मुळातच एवढी आंबट असते की बोटुलिनम तिथे वाढू शकत नाही. त्याला वाढायला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) 4.6 च्या वर लागतो आणि कैरी त्याच्या बरीच खाली असते. त्यात आपण मीठ घालतो ते सढळ हाताने. तेलाच्या थराचं काम फक्त वरून बुरशी येऊ न देण्याचं. मशरूमचं सगळंच उलटं. पीएच सहाच्या वर, म्हणजे आंबटपणा जवळजवळ नाहीच. मीठ चवीपुरतं. मातीत किंवा मातीलगत उगवलेली वस्तू, म्हणजे जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) सोबतच घरी येतात. त्यावर बोटभर तेल ओतलं की आत हवा जात नाही, आणि या जिवाणूला हवा नकोच असते. जो थर लोणचं राखतो, तोच इथे शत्रूची सोय करतो.

अर्धा तास उकळल्याचं काय? उकळत्या पाण्यात 100 अंशांपलीकडे काही जात नाही. त्या तापमानाला जिवाणू मरतो, त्याचे बीजाणू मरत नाहीत. त्यांच्यासाठी कारखान्यांत 121 अंशांचं गणित धरतात, आणि ती उष्णता डब्याच्या मधोमध पोचून तिथे किमान तीन मिनिटं टिकावी लागते. घरच्या उकळण्यामुळे बाकीचे जंतू मरतात, हवा निघून जाते, झाकण पक्कं बसतं. उरतात फक्त बीजाणू, रिकाम्या मैदानात.

रशियातले जुने लोक सांगतात की मशरूमवर धातूचं झाकण कधी आवळू नये, साधं प्लॅस्टिकचं सैल झाकण लावावं. खारवलेल्या अख्ख्या मशरूमच्या बाबतीत हा सल्ला बराच कामाचा आहे, कारण तिथे मीठही भरपूर असतं. इक्रा मात्र घट्ट गोळा असते. झाकण सैल ठेवलं तरी बरणीच्या पोटात हवा पोचत नाही. त्यामुळे सैल झाकणानंतरही गारव्याची गरज उरतेच. आणि गारवा म्हणजे खरा गारवा. इथल्या घरांत सेंट्रल हीटिंग असतं, बाहेर उणे वीस असलं तरी स्वयंपाकघरातलं कपाट 22-24 अंशांवर असतं. जुन्या पाचमजली इमारतींमध्ये (ख्रुश्चेवकांमध्ये) खिडकीखाली भिंतीत एक कोनाडा असतो, त्यात लोक बरण्या ठेवतात. तो जानेवारीत गार असतो, पण ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये त्याचा काही भरवसा नाही. बाल्कनीत तर दिवसा वितळतं आणि रात्री गोठतं. दाच्यावरचं, म्हणजे शहराबाहेरच्या घराचं, तळघर त्यातल्या त्यात बरं, पण बोटुलिनमच्या काही जाती तीन-चार अंशांनाही हळूहळू वाढतात, त्यामुळे तळघर हाही महिनोन्महिने ठेवण्याचा उपाय नव्हे.

व्हिनेगरची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रशियन कृतीत नुसतं "एक मोठा चमचा व्हिनेगर" लिहिलेलं असलं, तरी ते 9 टक्क्यांचं असतं. इथल्या दुकानात तेच सहज मिळतं. भारतातून आणलेली किंवा भारतीय दुकानातून घेतलेली बाटली बहुधा 4-5 टक्क्यांची असते. म्हणजे तोच चमचा घातला तर आम्ल निम्म्यावर आलं. दुसऱ्या टोकाला 70 टक्क्यांचं व्हिनेगर इसेन्स मिळतं. ते चुकून तसंच वापरलं तर तोंड-घसा भाजेल. एक भाग इसेन्स सात भाग पाण्यात घातलं की साधारण 9 टक्क्यांचं व्हिनेगर होतं, आणि हे मिसळणं मुलांपासून लांब करावं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा उचलू नका.

पण आकडा बरोबर असला तरी पुढचा प्रश्न उरतोच. किलोभर इक्रेला 9 टक्क्यांचा एक मोठा चमचा म्हणजे जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम शुद्ध आम्ल. अमेरिकेच्या कृषी विभागाने तपासून दिलेली अख्ख्या मशरूमच्या लोणच्याची एक कृती आहे. तिच्यात 7 पाउंड, म्हणजे सुमारे 3.2 किलो मशरूमला 5 टक्क्यांचं व्हिनेगर अडीच कप आहे. हिशेब केला तर किलोमागे नऊ ग्रॅमच्या आसपास आम्ल. उकळण्याच्या पाण्यात लिंबाचा रस घालतात तो वेगळाच. तेव्हा इक्रेतला तो चमचा चवीसाठी आहे, टिकवण्यासाठी नाही. टिकण्याइतकं व्हिनेगर घातलं तर ती इक्रा राहणारच नाही, आंबटढाण काहीतरी होईल. शिवाय बहुतेक जण व्हिनेगर शेवटी घालतात, तोवर प्रत्येक कणाला तेलाचं आवरण बसलेलं असतं आणि आम्ल आत शिरायला वेळ लागतो.

यावर हमखास विचारलं जातं: मग कुकरला लावून दहा शिट्ट्या काढल्या तर? आपला कुकर पूर्ण दाबावर 120 अंशांच्या जवळ जातो, हे खरं. पण शिट्टी म्हणजे दाब सुटल्याची खूण. आत किती मिनिटं किती दाब टिकला हे ती सांगत नाही, आणि बरणीच्या मध्यभागी काय चाललंय हे तर मुळीच नाही. पातळ रस्सा बरणीत फिरतो, उष्णता सोबत नेतो. इक्रेसारखा दाट लगदा जागचा हलत नाही, त्यामुळे मध्यभाग फार उशिरा तापतो. त्याच कृषी विभागाने बाजारातल्या साध्या मशरूमच्या अख्ख्या किंवा कापलेल्या तुकड्यांसाठी, पाण्यात भरलेल्या लहान बरण्यांना प्रेशर कॅनरमध्ये (दाबाखाली बरण्या तापवायच्या मोठ्या भांड्यात) 45 मिनिटं सांगितली आहेत. जंगली मशरूम बरणीबंद करूच नका असं तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि वाटलेल्या लगद्यासाठी वेळ दिलेलीच नाही. रशियात घरगुती ऑटोक्लेव्ह, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायची यंत्रं, सर्रास विकत मिळतात. त्यांना थर्मामीटर असतो, म्हणून कुकरपेक्षा ते चांगले, पण दाट इक्रेसाठी तपासलेली वेळ नसली तर थर्मामीटर असूनही आपण अंदाजच बांधतो. या एका पदार्थात अंदाज नको.

म्हणून माझं ठाम मत आहे की इक्रा बरणीत घालून कपाटात ठेवायचा पदार्थच नाही. ती फ्रीजरमध्ये ठेवा. चवही जास्त चांगली राहते, कारण मग व्हिनेगर घालायचं की नाही हे फक्त जिभेने ठरवायचं.

फ्रीजरसाठी मी करते ती पद्धत अशी. मशरूम तीन-चार पाण्यांतून काढून माती पूर्ण घालवायची. ओप्याता असतील तर उकळी आल्यावर पाच मिनिटांनी पहिलं पाणी फेकायचं आणि दुसऱ्या मीठपाण्यात 40 मिनिटं शिजवायच्या. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या ओप्याता पोट बिघडवतात. मग चाळणीत उपसून निथळत ठेवायच्या, किमान तासभर, आणि वर ताटली ठेवून तिच्यावर जड खलबत्ता. किलोभर शिजलेल्या, निथळलेल्या मशरूमला 300 ग्रॅम कांदा, 200 ग्रॅम गाजर आणि 100 मिलीच्या आसपास सूर्यफुलाचं तेल. कांदा बारीक चिरून मंद आचेवर सोनेरी होईतो परतायचा, मग किसलेलं गाजर घालून त्याचं पाणी आटेपर्यंत परतायचं. मशरूम खिमा करायच्या यंत्रातून एकदा काढायची, मोठ्या जाळीने. मिक्सरमध्ये फिरवली की चिकट पेस्ट होते आणि खाताना दाताखाली काही लागत नाही. यंत्र नसेल तर सुरीने बारीक चिरा, वेळ लागेल पण पोत सुरेख येईल.

आता सगळं पसरट कढईत एकत्र. इथे घाई करू नका, पाणी सुटण्याची तक्रार इथेच जन्माला येते. सुरुवातीला कढईतून बुडबुड्यांचा ओला आवाज येतो आणि वाफ दाट असते. पंधरा-वीस मिनिटांनी तो आवाज बदलतो, तळल्यासारखी बारीक चरचर सुरू होते आणि कडेला तेल चमकू लागतं. तेव्हा उलथन्याने कढईच्या तळाशी एक रेघ ओढा. दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या आणि रेघेत पाणी झिरपलं नाही, तर झालं. झिरपलं तर आणखी पाच मिनिटं. मीठ आणि मिरी आता घाला. लसूण घालू नका. तोही मातीतलाच आणि आंबट नसलेला, आणि फ्रीजरमध्ये त्याचा वास बिघडतो. खायच्या वेळी ताजा किसून घातलेला लसूण कितीतरी छान लागतो.

गरम इक्रा पातेल्यात तशीच निवायला ठेवू नका. ताटात किंवा ट्रेमध्ये दोन बोटं जाडीची पसरा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर 200-200 ग्रॅमचे डबे भरा, वर दीड-दोन सेंटीमीटर जागा सोडा, तारीख लिहा आणि उणे 18 अंशांवर ठेवा. लहान डबे यासाठी की गोठवल्याने बीजाणू मरत नाहीत, फक्त गप्प बसतात. डबा एकदा वितळला की घड्याळ सुरू झालं. ओट्यावर ठेवून वितळवू नका, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वितळल्यावर थोडं पाणी वेगळं दिसेल. कढईत पुन्हा उकळेपर्यंत गरम केलं की ते जिरतं. वितळलेला डबा तीन-चार दिवसांत संपवा. फ्रीजरमध्ये चार-सहा महिने चव उत्तम राहते, पुढे ती फिकी पडत जाते.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. इक्रा कडू झाली तर बहुतेक वेळा टोपलीत बेली ग्रिबच्या (पोर्सिनी मशरूमच्या) जागी त्याच्यासारखंच दिसणारं कडू मशरूम आलेलं असतं. टोपीच्या खालची जाळी गुलाबीसर आणि दांड्यावर गडद नक्षी दिसली तर ते बाजूला काढा, कारण असं एकच मशरूम अख्खं पातेलं कडू करतं आणि कितीही उकळलं तरी कडूपणा जात नाही. बेली ग्रिबच्या दांड्यावरची नक्षी पांढरी असते. लिसीच्की (पिवळी शँटरेल मशरूम) कच्च्याच गोठवल्या तरी कडवट होतात, त्या आधी शिजवून घ्याव्यात. रंग काळा पडत असेल तर लोखंडी कढई बदला आणि शिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाका. चिकट, बुळबुळीत होत असेल आणि मशरूम मास्ल्याता असतील, तर टोपीवरचं तेलकट साल काढलेलं नाही. कोरड्या हातांनी, धुण्याआधी काढलं की ते सरसर निघतं.

वर बुरशी आली तर? आपण लोणच्यावरची बुरशी चमच्याने काढून खालचं वापरतो. इथे तसं करू नका. बुरशी आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे जो काही थोडा आंबटपणा होता तोही कमी होतो आणि खालच्या थरात बोटुलिनमला मोकळीक मिळते.

आणि हे वेगळं सांगायलाच हवं: ओप्यातांसारखंच लाकडावर उगवणारं गॅलेरिना नावाचं मशरूम जीवघेणं आहे, आणि त्याचं विष उकळून किंवा गोठवून जात नाही. फोटो पाहून किंवा फोनमधल्या ॲपवर विसंबून वेचू नका. वर्षानुवर्षं वेचणाऱ्या शेजाऱ्याने टोपलीतलं प्रत्येक मशरूम हातात घेऊन पाहिलं पाहिजे. रस्त्याकडेला विकायला ठेवलेल्या घरगुती बरण्याही घेऊ नका.

होस्टेलवर राहणाऱ्या मुलांकडे फ्रीजर नसतो, किंवा असला तर त्यात दहा जणांचं सामान असतं. मेडिकलला इथे आलेली महाराष्ट्रातली बरीच मुलं हीच अडचण सांगतात. त्यांच्यासाठी इथलाच जुना मार्ग आहे: मशरूम वाळवा आणि इक्रा हिवाळ्यात लागेल तेवढीच ताजी करा. इथल्या उपासाच्या दिवसांत वाळवलेल्या मशरूमची इक्रा पूर्वापार होत आलेली आहे. वाळवायला बेली ग्रिब आणि तिच्यासारखी जाळीदार मशरूम चांगली. ती धुवायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसायची. अर्ध्या सेंटीमीटरच्या कापा करून ओव्हनमध्ये 50 अंशांना दार किंचित उघडं ठेवून सुरुवात करायची, पृष्ठभाग कोरडा झाला की 60-65 पर्यंत न्यायचं. काप वाकवल्यावर कट्‌ असा मोडला पाहिजे. नुसता वाकत असेल तर अजून ओल आहे. किलोभर ताज्या मशरूमचे 100 ग्रॅमच्या आसपास वाळलेले होतात आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ते कपाटातच राहतात. इथे घट्ट झाकण चालतं, कारण पाणीच नसल्यावर जिवाणू वाढणार कशावर?

करायच्या दिवशी मूठभर काप तीन-चार तास गार पाण्यात, तेही फ्रीजमध्ये, भिजवा, त्याच पाण्यात मऊ शिजवा आणि पाणी गाळून ठेवा. तळाशी रेती बसते, ती घेऊ नका. पुढे कांदा, गाजर, तेल सगळं वरच्यासारखंच, फक्त परतताना ते गाळलेलं पाणी थोडं थोडं घालून आटवत जा. रंग गडद येतो आणि वास ताज्या मशरूमपेक्षाही खमंग. काळ्या पावासोबत किंवा उकडलेल्या बटाट्यावर खा, पोळीच्या सुरळीतही छान लागते. पुण्या-मुंबईत बटण मशरूम बारा महिने मिळतात, त्यामुळे तिकडे साठवण्याचा प्रश्नच नाही. पावशेर आणा, उकळण्याऐवजी चिरून थेट कढईत पाणी आटवा, आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा.